फोटोतलं दुसरं झाड

माणसाच्या डोळ्यात, अगदी मागच्या भिंतीवर, एक झाड असतं. पिवळसर चंद्रासारखा एक गोल, त्यातून निघालेल्या रक्ताच्या चार मोठ्या फांद्या, दोन वर आणि दोन खाली, आणि मग त्यांना फुटत गेलेल्या डहाळ्या, केसाहून बारीक. देवाच्या कारखान्यात या झाडाचा साचा म्हणून नाहीच. एकाचं दुसऱ्यासारखं नसतं, जुळ्यांचं नसतं, एवढंच काय, उजव्या डोळ्यातलं डाव्यासारखं नसतं. नेत्रालयात डोळ्यांचे फोटो काढणाऱ्या फोटोताईची एकोणीस वर्षं अशी झाडं बघण्यात गेली होती.

नेत्रालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून तिची खोली. भर दुपारीही तिथे काळोख, कारण काळोखात बाहुली मोठी होते आणि कॅमेऱ्याला आत डोकावता येतं. पलीकडे पेशंट हनुवटी टेकून बसलेला, अलीकडे ती. "कपाळ पट्टीला लावा. हिरवा ठिपका दिसतोय? त्याच्याकडे बघा. आणि श्वास कशाला रोखलाय? हा काही पोहायचा तलाव नाही." एवढ्यावर माणूस हसायचा, हसला की मान सैल सोडायचा, आणि तेवढ्यात चमक. झाला फोटो. हा तिचा एकुलता एक विनोद, पण एकोणीस वर्षं पुरला होता.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ती स्वतःच खुर्चीत बसायची, हनुवटी टेकायची आणि वायरला जोडलेलं बटण दाबून आपल्या उजव्या डोळ्याचा एक फोटो काढायची. लेन्सवर धूळ बसली तर फोटोत डाग येतो, आणि तो डाग डोळ्यातला की काचेवरचा, हे नवख्याला कळत नाही. स्वतःचं झाड पाठ असलं म्हणजे कळतं. त्यावर जे जास्तीचं दिसेल ते यंत्राचं. तिला आपलं झाड तळहातापेक्षा जास्त ओळखीचं होतं. खालच्या फांदीला एके जागी गुडघ्यासारखा वाक होता आणि चंद्राच्या कडेला एक डहाळी चुकार वासरासारखी भलतीकडेच गेली होती.

त्या मंगळवारी सकाळी तिने फोटो काढला, पडद्यावर पाहिला, आणि लेन्स पुसायचा ब्रश हातात घेतला. लेन्स पुसली. दुसरा फोटो काढला. मग ब्रश खाली ठेवला.

तिच्या झाडाच्या मागे आणखी एक झाड होतं.

फिकट, अगदी फिकट. ओल्या भिंतीवर आतून उमटावं तसं. पण धुळीला फांद्या फुटत नाहीत आणि ओरखड्याला चंद्र नसतो. याला होता. तिच्या चंद्रापासून चार बोटं डावीकडे सरकलेला दुसरा चंद्र, आणि फोटोत डावीकडचा चंद्र म्हणजे कुणाच्या तरी डाव्या डोळ्याचा. आणि त्याच्या वरच्या फांदीला, निघाल्या निघाल्या, एक पूर्ण गोल फास पडलेला. दोरा सुईत ओवताना गाठ पडावी तसा.

दुरुस्तीवाला आला. त्याने यंत्राचं पोट उघडलं, फुंकर मारली, दोन स्क्रू घट्ट केले.

"आदल्या पेशंटचा फोटो आत अडकून राहतो कधीकधी," तो म्हणाला. "शिळं चित्र. नवीन सॉफ्टवेअर टाकतो."

"पण हा कुठल्याच पेशंटचा नाही. असा फास मी पाहिला असता तर विसरले नसते."

"ताई, मग मशीनला भूतबाधा झाली म्हणायची. ती वॉरंटीत बसत नाही हो." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत तो जिना उतरून गेला.

पुढचे सात दिवस फोटो लख्ख. आठव्या दिवशी ते झाड परत आलं. यावेळी थोडं अधिक गडद. आणि फासाच्या पुढची वरची फांदी मंगळवारी होती त्याहून बारीक.

जेवणाच्या सुट्टीत फोटोताई डबा बाजूला सारून जुन्या फाइली उघडायला लागली. हजारो डोळे. तीन आठवडे तिने रोज सुट्टीभर झाडांमागून झाडं पाहिली. फास असलेली चार सापडली, पण एकाचा खालच्या फांदीला, दुसऱ्याचा उलटा वळलेला; ते झाड मात्र नव्हतं. ज्याचं होतं तो माणूस कधी या खुर्चीत बसलाच नव्हता.

घरी ती आणि तिची नणंद, दोघीच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. नणंद तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी, चौसष्टीला टेकलेली. फोटोताई तिला लग्नाच्या दिवसापासून वन्सं म्हणत आली होती. वन्संनी लग्न केलं नाही. धुलाईच्या दुकानात खिडकीपाशी त्यांचं एक टेबल होतं आणि तिथे त्या रफू करत. कोटाला पडलेलं भोक त्या त्याच कोटाच्या शिवणीतून उपसलेल्या धाग्यांनी भरून काढत, एक उभा, एक आडवा, आणि मग मालकालाही भोक कुठे होतं ते सापडत नसे. जीभ मात्र रफूच्या उलट. ती भोकं पाडायची.

"सासरी येताना आणलंस काय, तर अर्धशिशी," त्या नव्या सुनेला म्हणाल्या होत्या. "ती आमच्याकडे होतीच की गं. दुसरं काही आणायचंस!"

खरंच, दोघींना अर्धशिशी. रक्ताचं नातं नाही, पण दुखणं एकच. आधी डोळ्यापुढे चमचमणारी नागमोडी रेघ, मग अर्ध्या कपाळात घण. त्यासाठी घरात एक खोली वेगळी ठेवलेली होती, जाड पडद्याची, त्यात दोन खाटा. जिचं डोकं दुखेल तिने आत जाऊन पडायचं, दुसरीने ओली घडी आणून ठेवायची आणि पाय न वाजवता बाहेर यायचं. आणि एक नियम: खोलीत गेलेल्या बाईला काही म्हणजे काही विचारायचं नाही. हा नियम वन्संनी केला होता. त्यांचा भाऊ, फोटोताईचा नवरा, जीव लावणारा माणूस होता, पण दर पाच मिनिटांनी दारातून डोकं घालून विचारायचा, "आता कसं वाटतंय?" एकदा वन्संनी पेला फेकला. तो कपाळाला लागून त्याचंही डोकं दुखायला लागलं, आणि त्या दिवसापासून नियम पाळला गेला. प्रश्न म्हणजे दुखणाऱ्या डोक्यावर टाकलेलं ओझं. तीस वर्षं त्या घरात ते कुणी टाकलं नव्हतं.

छप्पन्नाव्या वर्षी वन्संची अर्धशिशी थांबली. सात वर्षं त्यांनी त्या खोलीत फक्त केर काढला. यंदा मात्र ती परत आली.

"गेली गेली म्हणत होते ना, आली बघ," वन्सं म्हणाल्या, आणि आपली जुनी उशी घेऊन आत गेल्या. दोघींना नवल वाटलं नाही. जुनं दुखणं परत येतं, त्यात काय!

खोलीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. तो नेत्रालयातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला. अर्धशिशी आणि डोळ्यातल्या रक्तवाहिन्या यांचा काही संबंध आहे का, हे त्या बघत होत्या. दुखणं चालू असताना बारीक वाहिन्या आकसतात, एका बाजूच्या डोळ्याला रक्त कमी पोचतं, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यासाठी फोटोताईने ऐन दुखण्यात आपल्या डोळ्यांचे फोटो त्यांना दिले होते. कागदावर दुखण्याच्या तारखांना फुल्या मारायच्या, फोटोताईने तांबड्या, वन्संनी निळ्या. फुल्या वन्सं प्रामाणिकपणे मारत. फोटोला मात्र साफ नकार.

"डोळ्यात डोकावायला मी काय शेजाऱ्याचं दार आहे? आत काय आहे ते ज्याने घातलं त्याला माहीत. त्याच्या सामानाची उचकापाचक मला नको."

एका रविवारी फोटोताई त्या खोलीतल्या उशांचे अभ्रे बदलत होती. सहज कागदावर नजर गेली. निळी फुली, सोमवारी. पुढची निळी फुली, मंगळवारी. मग शुक्रवारी. तिच्या हातातला अभ्रा तसाच राहिला. यंत्राच्या दोषांची एक वही ती पर्समध्ये ठेवत असे. तिने ती आणून कागदाशेजारी धरली. मंगळवार. बुधवार. शनिवार. पुढेही तसंच. जितक्या निळ्या फुल्या, त्या प्रत्येकीच्या दुसऱ्या सकाळी वहीत एकच नोंद: दुसरं झाड.

तांबड्या फुल्यांच्या दुसऱ्या दिवशी काही नाही. फोटो लख्ख.

ती खाटेच्या कडेवर बसली. बाहेर स्वयंपाकघरात वन्सं भांडी लावत होत्या आणि देवाचं एक भजन गुणगुणत होत्या, नेहमीसारखंच, एका ओळीवर अडकून.

ती उठून बाहेर गेली. "वन्सं, उद्या माझ्याबरोबर नेत्रालयात चला ना."

"का? नवीन कुणी डोळे मागायला आलंय?"

"एक फोटो. एकच."

"वहिनी, माझं डोकं आज दुखत नाहीये. दुखवू नकोस."

आणि झालं, विषय तिथेच मिटला. नियम खोलीपुरता होता, पण तीस वर्षांत त्याची मुळं घरभर पसरली होती. फोटोताई हजारो अनोळखी माणसांना विचारी, काय दिसतं, कधीपासून दिसतं, कोणत्या डोळ्याने. घरात या एका माणसाला तिने कधी विचारलं नव्हतं. आणि काय विचारणार? तुमच्या डोळ्यातलं झाड माझ्या डोळ्यात का येतं, हे?

गुरुवारी सकाळी तिने खुर्चीत बसून बटण दाबलं. चमक झाली. पडद्यावर फोटो आला तेव्हा क्षणभर तिला वाटलं, कुणाची तरी फाइल चुकून उघडली.

तिचं स्वतःचं झाड मागे गेलं होतं. ओल्या भिंतीवरच्या डागासारखं, फिकट. पुढे, लाल-केशरी, ताजं, ते दुसरं होतं. फास स्पष्ट. आणि फासाच्या पुढची वरची फांदी फांदी राहिली नव्हती. एक पांढुरका धागा, मधे दोन ठिकाणी तुटत आलेला.

एकोणीस वर्षांत अशी फांदी तिने पाहिली होती, पाच-सहा वेळा. त्यातल्या कुणालाच त्या डोळ्याने पुन्हा नीट दिसलं नव्हतं. डोळ्यात चित्र उलटं पडतं. वरची फांदी वाळली की खालचं जग जातं. पायाखालची पायरी, ताटातलं अन्न, हातातली सुई.

बाहेर बाकावर अकरा पेशंट बसलेले. ती डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. "मला एक तास हवाय. घरी जायचंय."

"बरं नाही का तुम्हाला?"

"मला नाही," ती म्हणाली, आणि निघाली.

धुलाईच्या दुकानात टेबल रिकामं होतं. एका करड्या कोटाच्या कोपरावर सुई अर्धवट टोचलेली, धागा लोंबत. "डोकं धरून गेल्या घरी, आत्ताच," इस्त्रीवाला म्हणाला. "खांद्याला धरून पोचवू का म्हटलं, तर मलाच ओरडल्या."

घरात चपला दाराशी वेड्यावाकड्या पडलेल्या. वन्संच्या चपला! ज्या बाईने उभ्या जन्मात धागा वाकडा घातला नाही, तिच्या. खोलीचं दार लोटलेलं होतं. फोटोताईने ते ढकललं, आत गेली, आणि नियमाप्रमाणे ओली घडी आणायची सोडून सरळ खिडकीपाशी जाऊन पडदा बाजूला सारला. सकाळचं ऊन खाटेवर सांडलं.

"अगं बये! वेड लागलं का तुला?"

"वन्सं, मी विचारणार आहे."

"काय?"

"उजवा डोळा हाताने झाका."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण त्यांनी टोमणा गिळला आणि मुकाट्याने डोळा झाकला.

"आता खिडकीकडे बघा. पूर्ण दिसते?"

वन्सं खिडकीकडे बघत राहिल्या.

"वन्सं!"

"वरची दिसते," त्या हळूच म्हणाल्या. "खाली... कुणीतरी राखाडी कापड बांधल्यासारखं आहे."

"आता डावा झाका."

"सगळी दिसते की."

फोटोताई खाटेवर त्यांच्याजवळ बसली. ही खूण ती पेशंटांना रोज सांगायची. अर्धशिशीची रोषणाई लागते ती मेंदूत. कोणताही डोळा झाका, ती दिसायची थांबत नाही. जे एकच डोळा झाकल्यावर पुसलं जातं, ते मेंदूचं नसतं. ते त्या डोळ्याचं असतं, त्यातल्या रक्ताचं असतं.

"पहिल्यांदाच झालं का असं?"

"नाही. पाच-सहा वेळा झालंय. दहा मिनिटं कापड राहतं, मग कुणीतरी उचलून घेतं. आज तासभर झाला, उचलत नाहीये."

"आणि चावताना? जबडा दुखतो?"

"म्हणून तर सफरचंद सोडलं. मला वाटलं दात. केस विंचरतानाही टाळू ठणकते हल्ली."

"अहो, मग सांगितलं का नाहीत मला?"

वन्संनी हात खाली घेतला. दोन्ही डोळ्यांनी, जसं जमेल तसं, त्यांनी भावजयीकडे पाहिलं.

"तू विचारलंस कधी?"

रिक्षातून नेताना त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, आणि त्याचीच फोटोताईला जास्त भीती वाटली. काळोख्या खोलीत तिने त्यांची हनुवटी टेकवली, कपाळाला पट्टी लावली. विनोद सुचला नाही. डाव्या डोळ्यासमोर चमक झाली आणि पडद्यावर झाड आलं.

फास. फासापुढे पांढुरका, तुटत आलेला धागा. सकाळच्या फोटोवर हे ठेवलं असतं तर कडेला कड जुळली असती.

डॉक्टरीणबाई आल्या, फोटो पाहिला आणि वन्संच्या कानशिलावर दोन बोटं टेकवली. तिथली शीर कातडीखाली दोरीसारखी ताठ झाली होती. बोट लागताच वन्संनी दात आवळले.

"ही अर्धशिशी नाही," बाई म्हणाल्या. "अर्धशिशीचे कपडे घालून दुसरंच कुणीतरी आलंय तुमच्याकडे. साठीनंतर नव्याने डोकं दुखायला लागलं तर ते जुनं दुखणं समजायचं नसतं हो. या रक्तवाहिनीच्या भिंती सुजल्यात. डोळ्याला जाणारं रक्त त्याच घराण्यातलं. एक डोळा गेला की दुसरा जायला कधी चार दिवस लागतात, कधी एक रात्र."

"उजवा?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज त्या खोलीत फार लहान वाटला.

"उजव्यासाठीच आत्ता इंजेक्शन देतेय. तपासण्या मागाहून होतील. डाव्याचं मात्र... जे गेलंय ते गेलंय असं धरून चाला."

पलंग मिळाला, शिरेतून औषध सुरू झालं. तीन दिवस द्यायचं होतं. डाव्या डोळ्यावरचं कापड संध्याकाळपर्यंत काळं झालं आणि उचललं गेलं नाही. उरला उजवा. दर दोन तासांनी फोटोताई त्यांचा डावा डोळा आपल्या हाताने झाकायची आणि विचारायची, "भिंतीवरचं घड्याळ दिसतं? खालचे आकडे?" तीस वर्षांत न विचारलेलं सगळं तिने त्या तीन दिवसांत विचारून घेतलं. वन्सं दिसतं म्हणायच्या, मग पुन्हा तेच, मग वैतागून, "सहा दिसतो, सात दिसतो, घड्याळाच्या काचेवरची माशीही दिसते, आता मला झोपू देशील?"

बाहेरच्या बाकावर बसून फोटोताईने डोळे मिटले. तिचं देवाशी बोलणं साधं असे, घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं. तू दाखवलंस, ती म्हणाली. कशाला माझ्या डोळ्यातून दाखवलंस ते तुझं तुला ठाऊक, मी विचारत नाही. पण दाखवलंस तर आता अर्ध्यात सोडू नकोस. त्या बाईला सुई दिसू दे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई शेजारी येऊन बसल्या. फोटोताईने आपले रोजचे फोटो आणि दोषांची वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकेक फोटो पाहिला, मग वन्संचा फोटो शेजारी धरला. फासावर बोट ठेवून दोन्ही फोटो जुळवून पाहिले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं.

"या तारखा खऱ्या आहेत?"

"हो."

"आणि ह्यांचा फोटो याआधी कधीच..."

"या खुर्चीत बसल्याच नव्हत्या त्या."

"तुमचं ह्यांच्याशी रक्ताचं नातं?"

"नाही. माझ्या मिस्टरांची बहीण."

बाईंनी वही मिटली. "मी हे कुठे लिहू, सांगा बरं?" त्या म्हणाल्या. त्या तिची थट्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी वन्संनी पिशवीतून रिळं मागवली. काळं, गडद निळं आणि गडद तपकिरी, रफूवाल्यांनाच वेगळी ओळखू येतात अशी. डावा डोळा तळहाताने झाकून, खिडकीच्या उजेडात त्यांनी ती एकामागून एक ओळखली. मग सुई मागितली. धागा पहिल्या झटक्यात आत गेला. फोटोताई तोंडावर हात धरून भिंतीकडे वळली. "रडतेस काय," मागून आवाज आला, "तुला तर चष्मा लावूनही ओवता येत नाही."

उजवा डोळा वाचला होता.

महिन्याभराने वन्सं दुकानातल्या टेबलावर परत बसू लागल्या. गोळ्या चालू होत्या, चेहरा फुगला होता, आणि त्याबद्दल इस्त्रीवाल्याने एक चकार शब्द काढायची सोय नव्हती. संध्याकाळी नेत्रालयातून परतताना फोटोताई त्यांना घ्यायला जाई. त्या दिवशी ती गेली तेव्हा वन्सं एका तांबूस गालिच्याची कड भरत होत्या.

"बस. चार धागे राहिलेत." मग सुई वर काढत, "वहिनी, तुला एक सांगायचं होतं. डॉक्टरीणबाईंना नाही सांगितलं. उगाच मला डोक्याच्या दवाखान्यात पाठवतील."

"काय झालं? उजव्यात काही..."

"उजवा सुई दिसण्याइतका शहाणा आहे. डाव्याचं म्हणतेय. खालचं अर्धं." त्यांनी धागा ओढून घेतला. "तिथे काळोख नाहीये गं. आधी होता. आता नाही."

"मग काय आहे?"

"तुझी खोली."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"पहिल्या दिवशी वाटलं, औषधाने भास होतोय. बाई म्हणाल्याही होत्या, नजर गेलेल्या जागी मेंदू चित्रं भरतो म्हणून. मी म्हटलं असेल. पण भास रोज तोच कसा असेल? माणसं येतात. खुर्चीत बसतात. हनुवटी टेकतात, चेहरा अगदी जवळ येतो. मग त्यांच्या बाहुलीत हिरवा ठिपका. चमक मात्र दिसत नाही, तेवढा वेळ पांढरं होतं सगळं." त्यांनी गालिचा फिरवला. "आज एक उंच गृहस्थ आले होते. भुवईवर जुनी खोक. चमकेला घाबरून डोळा मिटत होते. तुला चारदा काढावा लागला ना फोटो?"

तो माणूस दुपारी सव्वाचारला आला होता. ती खोली आणि हे टेबल यांच्यामध्ये तीन रस्ते होते.

"पाचदा," ती म्हणाली.

"पाचदा? मग एकदा मी बहुतेक रीळ शोधत असेन."

सुई आत गेली, बाहेर आली.

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"पहिल्यांदा वाटली. आता सवय झाली. बरी असतात बिचारी. सगळ्यांना एकच भीती, आणि सगळे ती लपवतात. मी जमेल तेवढं देवाचं नाव घेते त्यांच्यासाठी, हात चालू असतातच." त्या जरा थांबल्या. "एवढी माणसं दिसतात गं. फक्त तू दिसत नाहीस."

"मी?"

"कधीच नाही. तुझे हात दिसतात. पेशंटची हनुवटी सरळ करतात, बटण दाबतात. बाकी तू नाहीस कुठे."

फोटोताईने आपल्या हातांकडे पाहिलं. मांडीवर पडले होते, पर्सच्या पट्ट्यावर, अगदी साधे. तिने ते पटकन ओढणीखाली घेतले. आणि मग, वन्सं तर आपल्याच डोळ्यांतून बघतायत, हात लपवून काय होणार, हे ध्यानात आल्यावर, हळूच परत बाहेर काढले.

"ती कड जरा ताणून धर," वन्संनी मान वर न करता म्हटलं.

तिने धरली.